मी पास केलेली गाडी

सकाळी साडेनऊला आम्ही धुळ्याला पोचलो तेव्हा गाडीचं बॉनेट गरम होतं.

आदल्या दिवशी मी भावाला फोनवर दोनदा बजावलं होतं, "मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी मला स्वतः सुरू करून बघायची आहे." थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होतं, तेव्हाच्या चार-पाच सेकंदांत ते जे बोलतं ते नंतर दिवसभर बोलत नाही. माझा भाऊ गेली वीस-पंचवीस वर्षं जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. हे त्याला माझ्याहून चांगलं कळतं, आणि म्हणूनच बॉनेट गरम होतं.

"शेडमधून बाहेर काढली फक्त, ताई," तो म्हणाला.

शेडमधून दहा पावलं बाहेर काढून कुठलंही इंजिन एवढं तापत नाही. मी हात काढून घेतला आणि गप्प राहिले. त्या दिवशी मी गप्प राहिले ते तिथूनच सुरू झालं.

मी जळगावात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. ते आमच्या आप्पांनी काढलं. आप्पांनी माझ्या धाकट्या भावाला मिसरूड फुटायच्या आत गाडी शिकवली, मला कधीच शिकवली नाही. मी शिकले ती आमच्या मिस्त्री नानांकडून, आप्पा दुपारी झोपलेले असताना, मेहरूणच्या तलावाकडच्या रस्त्यावर. आप्पा गेल्यावर भावानं स्कूल नको म्हणून सांगितलं. शिकाऊ लोकांचे धक्के खात आयुष्य काढायची त्याची इच्छा नव्हती. तो धुळ्याला गेला, हायवेला जागा घेतली, 'ऑटो कन्सल्टंट' असा बोर्ड लावला. मी धक्के खात राहिले. पंचवीस वर्षं मी डाव्या सीटवर बसून पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून दुसऱ्यांच्या हातातली गाडी सांभाळली आहे. लग्न केलं नाही. दागिन्यांची हौस नाही. पन्नाशी आल्यावर मला एकच गोष्ट हवी होती. उजवीकडे बसायला मिळेल अशी, रस्त्याला चिकटून धावणारी, पाय ठेवताच पाठ सीटला टेकवणारी गाडी. नवी परवडणारी नव्हती. सात-आठ वर्षं वापरलेली जर्मन बनावटीची मिळाली तर बघावी, असं मी घरात बोलले आणि आईनं लगेच धुळ्याला फोन लावला.

"तुझ्यासाठीच आली आहे समज," भाऊ म्हणाला. "पुण्याच्या डॉक्टरची. एकतीस हजार चालली आहे. निळी. तू बघून वेडी होशील."

गाडी खरंच देखणी होती. चार दारांची, पण बसायला खाली, मागचा भाग टुमदार, चाकं रुंद. मी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मला ती हवीशी वाटली, हे कबूल करते.

मी नानांना सोबत आणलं होतं. ते भावाला आवडलं नाही. नाना सत्तरीला आलेत, त्यांनी त्याला लहानपणी खांद्यावर फिरवलं आहे, तरी तो त्यांना चहासुद्धा विचारायला तयार नव्हता.

"नानांना कशाला एवढ्या लांब आणलंस?" तो मला म्हणाला. "माझ्यावर भरवसा नाही का?"

"गाडी बघायला आणलंय."

"गाडी मी बघितली आहे."

नाना सरळ डिकीकडे गेले. मी पुढचं दार उघडलं. आतून मोगऱ्याच्या अत्तराचा असा भपकारा आला की डोकं भणाणलं. मी ब्रेकच्या पेडलकडे बघितलं. रबराच्या उजव्या कोपऱ्यावरच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. माझ्या स्कूलच्या गाडीचं पेडल असं व्हायला शिकणाऱ्यांच्या पाच वर्षांच्या लाथा लागतात. एकतीस हजारात होत नाही. मग मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला, पुरता, अगदी शेवटपर्यंत. तो भाग कुणी कधी बाहेर काढत नाही म्हणून कुणी धूतही नाही. शेवटच्या दोन वितींवर तपकिरी डाग होता, आणि त्या डागाला सरळ काठ होता, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ उमटते तसा.

तिकडे नानांनी डिकीतला गालिचा उचलून जादा चाक बाहेर काढलं होतं. त्यांनी बोट खाली घालून वर काढलं. बोटाला मऊ, वाळलेला गाळ.

"ताई," ते हळूच म्हणाले, "हाई गाडी पानीमा बुडेल शे."

नानांकडे गाडीचा कॉम्प्युटर वाचायचं छोटं यंत्र आहे. ते त्यांनी स्टेअरिंगखाली जोडलं. गाडी आपल्या जुन्या बिघाडांची नोंद जपून ठेवते, पण इथं पाटी कोरी होती. "बठ्ठं कालच पुसेल शे," नाना म्हणाले. सगळं पुसणाऱ्यानं गिअरबॉक्सची नोंद मात्र सोडून दिली होती. तिथं किलोमीटरचा आकडा होता एक लाख चौदा हजार. मी माझ्या मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढला. सीटबेल्टचा काढला, गाळाचा काढला.

भाऊ शेडच्या खांबाला टेकून हे सगळं बघत होता.

"चालवून तरी बघ," तो म्हणाला. "यंत्रावरून गाडी कळत नाही."

मी चालवली. तो शेजारी बसला. निघताना त्याच्या ऑफिसमधल्या माणसानं पुढून मोबाइलवर काहीतरी टिपलं, तिकडे मी लक्ष दिलं नाही. सोनगीरच्या दिशेनं हायवेवर गाडी सोडली आणि खोटं का बोलू, पहिला किलोमीटरभर मी सगळं विसरले. मग दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना खालून कुणीतरी गुडघा मारावा तसा धक्का बसला. पुन्हा तसाच. आयुष्यभर धक्के खाल्लेल्या बाईला धक्का ओळखू येतो.

परत आल्यावर मी नानांना बाहेर बसवलं आणि भावाच्या केबिनमध्ये गेले.

"गाडी पाण्यातली आहे," मी म्हटलं. "मीटर मागे फिरवलंय. गिअरबॉक्स जायला आलाय."

"तू गाडी घ्यायला आलीस का माझी झडती घ्यायला?"

"तुला माहीत होतं की नाही, एवढं सांग."

त्यानं पंख्याचा वेग वाढवला. "मला जशी मिळाली तशी मी देतोय. मीटर आजकाल कोण बघतं? बठ्ठा बाजार हेच करतो."

"बहिणीलाही?"

"बहिणीला स्वस्त लावत होतो." हे तो इतक्या सहज म्हणाला की मला पहिल्यांदा कळलं नाही, मग कळलं की त्याला सगळं माहीत होतं. "तुला गाडीत काय एवढं चालवायचंय? जळगाव ते भुसावळ. रविवारी पद्मालय. दोन-तीन वर्षं काढली असती तिनं."

"भरपावसात बंद पडली असती तर?"

"तर मला फोन केला असतास. मी काय मेलो होतो?"

"तू चोर आहेस," मी म्हटलं.

तो उठून उभा राहिला. "आप्पांचं स्कूल फुकट मिळालं तेव्हा चोर कोण होतं?"

त्यानं नको म्हणून टाकून दिलेलं स्कूल. मी चावी त्याच्या टेबलावर टाकली. बाहेर पडले.

बाहेर एक तरुण जोडपं त्या निळ्या गाडीजवळ उभं होतं. नवरा तिशीचा, उन्हानं रापलेला, शेतांत ठिबकच्या नळ्या अंथरायची कामं घेणारा. हे त्याच्या शर्टावरच्या छापावरून आणि हातांवरून कळत होतं. बायकोच्या कडेवर चार वर्षांची मुलगी. मला गाडीतून उतरताना त्यांनी बघितलं असावं. तो अदबीनं पुढे आला.

"ताई, तुम्ही चालवून आलात ना? कशी आहे गाडी?"

भाऊ केबिनच्या दारात येऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर विनंती नव्हती, धमकीही नव्हती. मी काय बोलेन याची त्याला खात्री होती. सख्खी बहीण होती मी.

"मला रंग नाही आवडला," मी म्हटलं.

येताना पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा नाना बशीत चहा ओतत म्हणाले, "रंग ते चांगला व्हता, ताई."

मी त्यांच्यावर खेकसले. त्यांनी चहा पिऊन टाकला.

आईला मी सगळं सांगितलं. फोटो दाखवले. ती चष्मा न लावताच म्हणाली, "नसती पसंत तर नाही घ्यायची. त्याला चोर कशाला म्हणायचं?" म्हणजे मी पोचायच्या आत धुळ्याचा फोन येऊन गेला होता.

गाडी मी शेवटी पहूरला घेतली. एका कापूस व्यापाऱ्याची होती, राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलेलं घर. शेठ दुकानाच्या गादीवरून उठलेच नाहीत. मला आणि नानांना उभं ठेवून त्यांनी विचारलं, "मिस्टर नाही आले?"

"मिस्टर नाहीत."

"मग भाऊ वगैरे कुणी?"

"भाऊ आहे. म्हणून तर तुमच्याकडे आले."

ते हसले नाहीत. "बाईमाणसाला ही गाडी झेपायची नाही," म्हणाले. "मलाच नाही झेपली. बसलो की उठता येत नाही, गुडघे गेले. पोरगा म्हणतो, बाबा, तुम्हाला गाडीतून काढायला क्रेन आणू." मग त्यांनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. मागच्या डाव्या दाराची काच कधी कधी अडते. एसीचा कॉम्प्रेसर बदललेला आहे. पुढचे टायर वर्षभर टिकतील, जास्त नाही. एकदा जामनेरच्या रस्त्यावर बैलगाडीला घासली, डाव्या मडगार्डला रंग दिलेला आहे, नीट बघितलं तर दिसेल. पहिल्या दिवसापासूनच्या सर्व्हिसिंगच्या पावत्यांची फाइल त्यांनी माझ्यापुढे टाकली, अक्षरशः टाकली. "वाचता येतं ना?"

मला त्यांचा राग आला. पण बॉनेटला हात लावला तेव्हा ते गार होतं. चावी मी फिरवली. तीन-चार सेकंद वरून टिकटिक ऐकू आली, मग तेल चढलं तशी ती थांबली, आणि नंतर तासभर नानांनी कान लावूनही वेगळं काही ऐकू आलं नाही. सीटबेल्ट टोकापर्यंत स्वच्छ. पेडलची झीज मीटरशी जुळणारी. नानांनी यंत्र काढून घेतलं आणि म्हणाले, "हाई गाडी खरं बोलस."

ती करड्या रंगाची आहे. पहिले काही महिने मी रोज सकाळी स्कूल उघडायच्या आधी एकटीच तरसोदपर्यंत जाऊन येत होते. त्या अर्ध्या तासात कुणाला काही शिकवायचं नसे. दरवाज्याची काच शेठनी सांगितल्याप्रमाणे अडली, टायर त्यांनी सांगितल्याप्रमाणे झिजले. याखेरीज तिनं मला काही त्रास दिला नाही.

मे महिना होता. एरंडोलला एका शिकाऊ मुलीच्या लग्नाला गेले होते, दुपारी परत निघाले. एरंडोल सोडून थोडं पुढे आले तर रस्त्याच्या कडेला ती निळी गाडी. बॉनेट उघडं. सगळे दिवे लुकलुकत होते आणि काचा बंद. पलीकडे कडुनिंबाच्या विरळ सावलीत तेच जोडपं. मुलगी आईच्या खांद्यावर लाल होऊन पडली होती.

मी गाडी थांबवली. उन्हासाठी मी तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता, वर काळा चष्मा, त्यामुळे त्यांनी मला ओळखलं नाही.

"काय झालं?"

"गिअरच पडत नाही," तो म्हणाला. "काचा उतरत नाहीत, एसी बंद, आत बसलो तर भाजून निघू. पाच महिन्यांत चौथ्यांदा. धुळ्याला घेतली, फसलो."

"बघून नाही घेतली?"

"बघणाऱ्यानं बघितली होती, ताई." त्यानं मोबाइल काढला. "हे बघा. त्या मालकाची बहीण जळगावला ड्रायव्हिंग स्कूल चालवते. त्यानं स्वतः मेसेज टाकला."

फोटोत मी होते. निळ्या गाडीच्या स्टेअरिंगवर, हिरवा पंजाबी ड्रेस, चेहऱ्यावर तो पहिल्या किलोमीटरच्या आधीचा आनंद. खाली भावानं लिहिलं होतं, 'माझ्या सख्ख्या बहिणीने स्वतः चालवून पास केलेली गाडी. पंचवीस वर्षांचा अनुभव. फक्त रंग आवडला नाही म्हणून सोडली.'

माझं वाक्य. मी त्याच्यासाठी खोटं बोलले होते आणि त्यानं तेच विकलं होतं.

मी चष्मा काढला, स्कार्फ सोडला. तो आधी फोटोकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"तुम्हीच," तो म्हणाला. "तुम्हाला मी विचारलं होतं."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तो माझ्या अंगावर येतो की काय असं वाटलं. आला असता तर मी बाजूला झाले नसते. तो पाठ फिरवून आपल्या गाडीच्या टायरला लाथा मारत राहिला. मी त्याच्या बायकोला म्हटलं, "मुलीला माझ्या गाडीत बसवा, एसी आहे. एरंडोलला दवाखान्यात नेऊ."

"तुमच्या गाडीत नाही बसायचं आम्हाला," ती म्हणाली. पण मुलीनं मान टाकली होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं, त्यानं मान हलवली, आणि ती मागच्या सीटवर बसली. वाटेत मी आरशातून एकदा बघितलं, तिनं तोंड फिरवलं. डॉक्टरांनी मुलीला पाणी, साखर-मीठ दिलं, ऊन लागलंय म्हणाले, तासाभरात ती उठून बसली. मी जायला निघाले तेव्हा तिची आई दारापर्यंत आली.

"तुम्ही खरं बोलला असतात तर तुमचं काय गेलं असतं?"

मी गाडी सुरू केली.

मी जळगावला न जाता धुळ्याला गेले. भाऊ केबिनमध्ये जेवत होता. डब्यात शेवभाजी होती.

"ती गाडी परत घे," मी म्हटलं. "आठ दिवसांत."

"कुठली?"

"माझा फोटो लावून विकलीस ती."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "गाडीत तू बसली नव्हतीस? चालवली नाहीस? रंग आवडला नाही असं तूच म्हणालीस. यात मी काय खोटं लिहिलं?"

"पोरगी उन्हात मेली असती."

"दरवेळी तू मलाच धर. गाडी विकली की कुणाची ना कुणाची बंद पडणारच. आपण काय जन्माची गॅरंटी घेतो?"

"आठ दिवस. नाहीतर मी त्या माणसाला सगळे फोटो देईन आणि वकिलासमोर लिहून देईन. गाळाचा, बेल्टचा, गिअरबॉक्सच्या आकड्याचा. सगळे आहेत माझ्याकडे, त्याच दिवशीचे."

तेव्हा त्याचं जेवण थांबलं. "परक्या माणसासाठी तू सख्ख्या भावाला कोर्टात नेशील?"

"नेईन."

"मग आजपासून मला बहीण नाही."

"ते तू पाच महिन्यांपूर्वीच ठरवलंस," मी म्हटलं.

आठ दिवस गेले, त्यानं काही केलं नाही. त्याला वाटलं असणार, बोलते पण करणार नाही. मी दवाखान्यातून नंबर मिळवून त्या तरुणाला फोन केला. त्यानं पहिल्यांदा फोन कापला, दुसऱ्यांदा उचलला. ग्राहक आयोगात तक्रार करायचं त्यानं आधीच ठरवलं होतं, पुरावा नव्हता. मी जळगावात वकिलासमोर प्रतिज्ञापत्र केलं. त्यात मी लिहिलं की गाडी पाण्यात बुडालेली आहे हे मला आणि विक्रेत्याला दोघांनाही माहीत होतं, आणि ग्राहकानं मला थेट विचारलं असता मी खोटं सांगितलं. वकील म्हणाले, शेवटचं वाक्य काढा, तुम्हालाच अडचण होईल. मी नाही काढलं. नानांनीही सही केली, दोनदा थांबून.

तक्रार दाखल झाली, आणि आयोगातल्या पहिल्या तारखेच्या आत भावानं गाडी परत घेतली. त्याच्याच वकिलानं त्याला फोटो दाखवल्यावर लढण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या तरुणानं मला आभाराचा फोन केला नाही, करायचं कारणही नव्हतं. एकदा मार्केटमध्ये समोर आला आणि नजर चुकवून निघून गेला. भावानं नात्यातल्या प्रत्येक घरी सांगितलं की त्यानं आप्पांच्या स्कूलमध्ये वाटा मागितला म्हणून मी असा राग काढला. दोन मावश्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. भाऊबीजेला त्याचा फोन आला नाही, मीही केला नाही. मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही. त्याचा राग मात्र अजून रोज येतो, कधी कधी सिग्नलला उभी असताना, काही कारण नसताना.

गाडी परत गेली त्याच आठवड्यात आई धुळ्याला राहायला गेली. "त्याला आत्ता कुणीतरी हवं," म्हणाली. आठवड्यातून एकदा तिचा फोन येतो. जेवलीस का, गुडघा कसा आहे, नानांची तब्येत कशी आहे. त्याचं नाव आम्ही दोघी काढत नाही. गेल्या महिन्यात तीच म्हणाली, "त्यानं आता मोटारी बंद केल्या. जुने ट्रॅक्टर विकतो. बरं चाललंय."

"चांगलं आहे," मी म्हटलं. "तपासायला मला बोलावू नको म्हणावं."

आईनं फोन ठेवला. दहाच्या बॅचला एक नवी शिकाऊ बाई येऊन थांबली होती, पहिलाच दिवस. मी तिच्या डावीकडे बसले. क्लच सोडताना ती डोळे मिटत होती.